पाटाकडेचं झाड

गिरीजच्या वाडीत सकाळचं पाणी फिरवायचं काम प्रेमलताचं. रहाट हाकायचा हरिश्चंद्र, तिचा धाकटा दीर. बैलामागून गोल गोल फिरताना बैलाचे डोळे झापडीनं मिटलेले असायचे आणि हरिश्चंद्राचे झोपेनं. गाडगी कुरकुरत वर यायची, ओणवी व्हायची, पाणी पन्हळीतून पाटात आणि पाटातून केळीच्या आळ्यांत धावायचं. पदर कमरेला खोचून प्रेमलता एका आळ्याचं तोंड मातीनं बांधायची, दुसऱ्याचं फोडायची. राजेळीच्या केळी, मधूनमधून नारळ, कडेला पानवेलींचा मांडव, मागच्या दारापाशी अळू, मिरच्या आणि दोडका. तिचं जग ते एवढंच, पण त्यातलं पानन्‌पान तिच्या ओळखीचं.

लावलेलं तर ओळखीचं होतंच, न लावलेलंही होतं. घोळ कुठं पसरते, कुर्डू कधी डोकं काढतो, आघाड्याचा तुरा लुगड्याला कुठल्या वळणावर चिकटतो, सगळं तिला पाठ. म्हणून पंचावन्न सालची दिवाळी सरल्यावर एका सकाळी मागच्या दारी जो कोंब दिसला, त्यानं तिचा हात थांबवला. पाट तिथं वळसा घेतो. वळशावर एक सपाट दगड, बाहेरून आलेल्यानं पाय धुवायचा. त्या दगडाला लागून करंगळीएवढा कोंब उभा होता, डोक्यावर दोन दुमडलेली पानं घेऊन. भोपळ्याचा नाही, पपईचा नाही, शेवग्याचाही नाही.

"भावोजी, हे काय उगवलंय बघा जरा."

हरिश्चंद्रानं बैल थांबवला नाही. "उपटून टाका."

"ओळखल्याशिवाय?"

"वहिनी, आलेल्या प्रत्येकाचं कूळ विचारत बसलात तर दोडका तोडायला कोण येणार, मामलेदार?"

ती हसली, पण उपटलं नाही. या घराची रीतच तशी होती. सासू जात्यावर बसली की म्हणायची,

कोंब गं आला दारी, कुणी नाही बोलाविला
पाटाच्या पाण्यावरी बाई पाहुणा जेवविला

आपणहून आलेल्या रोपाला ओळख पटेपर्यंत पाणी द्यायचं, खुरपं लावायचं नाही. अशाच एका बिनबोलावल्या रोपातून वाडीला तिखट मिरचीचं सगळं वाण मिळालं होतं. प्रेमलतानं दगडाभोवती मातीचा लहानसा बांध घातला आणि ओंजळभर पाणी तिकडं वळवलं.

घरात तेव्हा दुसराच विषय होता. प्रमोदिनीला सोळावं लागलं होतं आणि बोळिंजहून स्थळ आलं होतं. मुलगा शाळेत मास्तर, घरची वाडी, माणसं सरळ. मुलाचा बाप गंगाराम ओटीवर बसून केळ सोलता सोलता म्हणाला, "मुलगी आम्हाला पसंत आहे, बाई. तिच्यात खोट नाही. पण पत्रिका छापायची तर काशिनाथरावांच्या नावामागं काय घालू? श्रीयुत घातलं तर लोक विचारतील, आहेत कुठं. कैलासवासी घातलं तर तुमच्या कपाळावर हे आहे."

प्रेमलताचा हात नकळत कुंकवाकडं गेला.

चव्वेचाळीसच्या एप्रिलात काशिनाथ पानांच्या करंड्या घेऊन सकाळच्या गाडीनं मुंबईला गेला होता. दुपारी गोदीत स्फोट झाला. कापसाच्या गासड्या पेटून शहरभर उडाल्या म्हणे. हादरा इथं वसईपर्यंत आला असं लोक सांगत. प्रेमलताला एवढंच आठवे की ती चार वर्षांच्या पोरीला न्हाऊ घालत होती आणि घंगाळातलं पाणी आपोआप थरथरलं होतं. हरिश्चंद्र आणि शेजारचा बर्नार्ड मुंबईतली इस्पितळं पालथी घालून परत आले. काशिनाथ जिवंत सापडला नाही, आणि मेलेलाही सापडला नाही. तेव्हापासून दिवस कसे गेले, तर केळीच्या पानासारखे. उलगडले की आपसूक चिरत जायचे.

गंगाराम वाईट माणूस नव्हता. त्यानं उपायही सांगितला, आणि तो प्रेमलताला ठाऊक होताच. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची. तरी आला नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, सुतक धरायचं आणि गेलेल्याला गेला म्हणायचं. येत्या चैत्रात बारा वर्षं पुरी होत होती. त्यानंतर वैशाखात लग्न.

"विचार करून सांगा," गंगाराम उठता उठता म्हणाला. "आमची घाई नाही. पण मुलग्याला दुसरीकडूनही विचारतायत, ते तुमच्या कानावर घालतो."

असंच म्हणून आधीचं एक स्थळ निघून गेलं होतं. त्या रात्री जेवणं झाल्यावर प्रमोदिनी भांडी विसळत होती. तिच्याकडं न बघता प्रेमलतानं विचारलं, "तुला काय वाटतं गं?"

"मला बाबा आठवत नाहीत, आई," पोरगी म्हणाली. "मला फक्त त्यांची वाट बघणारी तू आठवतेस." तिनं तांब्या उपडा घातला. "तू नको म्हणालीस तर मी गंगारामकाकांना सांगेन, माझे दात पुढं आहेत म्हणून."

"ते त्यांना दिसले की."

"मग चष्मा लागलाय म्हणेन."

दोघी हसल्या.

झाड वाढत होतं. हिवाळा लागला तेव्हा ते गुडघ्याएवढं झालं होतं. सरळ एक काडी, फांदी नाही. एका देठावर तीन तीन पानं, जाड, मागून किंचित लवदार. वाडीत शिरणारी शेळी मिरच्या खाऊन गेली, त्याला तोंड लावलं नाही. मुंग्या चढत नव्हत्या. आणखी एक गोष्ट प्रेमलताच्या ध्यानात यायला थोडे दिवस लागले. थंडीच्या सकाळी अळूच्या पानांवर, दोडक्यावर, गवताच्या पात्यापात्यावर दव असायचं. पाय भिजून जायचे. त्या झाडाची पानं मात्र कोरडी. तिनं बोट लावून पाहिलं. पान गार नव्हतं.

अंगात जीव असलेल्या कशालाही हात लावला की लागतं, तेवढंच कोमट.

तिनं हात काढून घेतला आणि पदराला पुसला. मग स्वतःलाच म्हणाली, मागचं दार आहे, चुलीची भिंत जवळ आहे, ऊब लागत असेल. चुलीची भिंत घराच्या दुसऱ्या अंगाला होती हे तिला ठाऊक होतं.

बर्नार्डची वाडी कुंपणापलीकडं. तो रोपं करायचा. आंब्याची कलमं, चिकूची, गुलाबाची. वसईपासून विरारच्या फुलपाड्यापर्यंत लोक त्याच्याकडून रोपं न्यायचे. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून, काळा कोट अंगावर तसाच ठेवून तो कुंपण ओलांडून आला.

"काय वयनी, मला न सांगता नवीन वाण केलंत? आमची फ्लॉसी म्हणते, वयनीकडं काहीतरी आलंय, बघून ये, नाहीतर तू जगातला शहाणा कसला."

तो उकिडवा बसला. देठ पाहिला, पानाची मागची बाजू पाहिली, काडीला नख लावून पाहिलं. "पळसासारखं पान आहे. पण पळस नाही. पांगारा म्हणावा तर काटा नाही." मग माळी लोक करतात तसं एक पान खुडून त्यानं तळहातावर चुरलं आणि नाकाशी नेलं.

तो तसाच राहिला. हात नाकाशी, नजर जमिनीवर.

"काय झालं, बर्नार्डभाऊ?"

त्यानं चुरलेलं पान हळूच दगडावर ठेवलं, टाकलं नाही. पाटात हात धुतले, परत धुतले.

"झाड मी ओळखत नाही, वयनी," तो म्हणाला. "वास ओळखतो."

"कसला?"

"हरिश्चंद्राला विचारा. आम्ही दोघं त्या वेळी मुंबईत फिरलो ना, तेव्हा जिथं जाऊ तिथं येत होता. जळका कापूस." त्यानं कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोटं लावली. "माझ्या नाकाचं वय झालं असेल. मी फ्रेडरिकला पाठवून देतो. तो शिकलाय यातलं."

फ्रेडरिक त्याचा मेहुणा, बायको फ्लॉसीचा भाऊ, सरकारी शेतकीखात्यात. तो भिंग आणि छोटी कुदळ घेऊन आला. मनापासून काम करणारा माणूस. पानांच्या शिरा पाहिल्या, कागदात दोन पानं दाबून घेतली. फूल आल्याशिवाय नाव सांगता येणार नाही, असं त्यानं स्वच्छ सांगितलं. मग "मूळ बघू" म्हणून त्यानं बुंध्याशी थोडी माती उकरली. प्रेमलता कंदील पुसत मागच्या दारात उभी होती.

"कोणी हे वळवून लावलंय का?" त्यानं विचारलं.

"आपणहून आलंय."

"चमत्कारिक आहे." त्यानं चष्मा वर सरकवला. "इथं हातभरावर पाट आहे. झाडाचं मूळ पाण्याकडं जातं. हे पाण्याकडं पाठ करून चाललंय." त्यानं कुदळीच्या टोकानं मातीवर रेघ ओढत नेली. रेघ दगडाखालून निघाली, अंगण ओलांडून आली आणि मागच्या दाराच्या उंबऱ्याशी, तिच्या पायांशी थांबली. "घराखाली गेलंय. पुढं कुठवर ते खणल्याशिवाय कळायचं नाही."

"नका खणू," ती म्हणाली.

फ्रेडरिकनं माती परत लोटली. कागदात दाबून नेलेली पानं दोनच दिवसांत भुकटी होऊन गेली, असा त्याचा निरोप बर्नार्डकरवी आला. वाईट वाटून घेऊ नका, असंही त्यानं कळवलं होतं. वाईट कशाचं वाटून घ्यायचं, ते मात्र कळवलं नव्हतं.

त्यानंतर प्रेमलतानं कुणाला झाड दाखवलं नाही. पण नजर जायचीच. पाणी पिऊन झाल्यावर बैल गोठ्याकडं निघाला की झाडापाशी थांबायचा, मान खाली घालायचा, कपाळ पुढं करायचा. गोंजारून घ्यायला उभे राहतात तसा. काशिनाथ बैलांना असं गोंजारायचा खरं. पण हा बैल तो गेल्यावर कित्येक वर्षांनी घेतलेला. हरिश्चंद्र शेपटी पिरगाळून त्याला पुढं काढायचा आणि प्रेमलताकडं बघायचं टाळायचा.

होळीपर्यंत झाड तिच्या डोक्यावर गेलं आणि मग वाढायचं थांबलं. एका दुपारी ती शेंड्यावरचं कोळ्याचं जाळं काढायला गेली. टाचा किंचित उचलल्या, उजवा हात वर नेला, आणि हात जिथं पोचला तिथं तिला कळलं की हा हात या उंचीला आधी गेलेला आहे. पाडव्याला. ओवाळताना. कुंकवाचं बोट जिथं टेकायचं तिथंच शेंडा होता, तिळभर खाली नाही, तिळभर वर नाही.

वारा नव्हता. तीन पानं तिच्या बोटांवर येऊन टेकली.

ती ओरडली नाही, पळाली नाही. घागर उचलून आत गेली आणि देवघरापुढं बसून राहिली. वेड लागत असलं तर ते असंच शहाण्यासारखं लागत असेल, असा विचार तिच्या मनात आला. आणि त्याच्या मागोमाग दुसरा. आलाच असशील, तर आता काय करू? तुला ठेवून घेतलं तर पोरीचं मोडतं. पोरीचं केलं तर तुला जाळायचं.

संध्याकाळी तिनं हरिश्चंद्राला बोलावलं.

"जगन्नाथगुरुजींना सांगा, भावोजी. चैत्रातली तिथी धरून पळसाचा विधी करू. बोळिंजलाही कळवा."

हरिश्चंद्र ओटीच्या खांबाला टेकून उभा होता. बारा वर्षं त्यानं हा शब्द तोंडातून काढला नव्हता, तिनं काढायची वाट पाहिली होती. आता तो पुसट आवाजात म्हणाला, "आणि ते मागच्या दारचं? आधी काढून टाकू?"

म्हणजे त्यालाही दिसत होतं.

"राहू दे," ती म्हणाली.

विधीच्या सकाळी अंगण सारवलं होतं. प्रेमलतानं पहाटेच विहिरीवर जाऊन बांगड्या उतरवल्या होत्या. कुणी फोडाव्यात म्हणून ती थांबली नाही. जगन्नाथगुरुजी वसईहून आले. म्हातारे, थकलेले, बोलण्यात कोरडे, पण पोथीतला शब्द न चुकवणारे. दर्भाच्या जुड्या बांधून त्यांनी हात केले, पाय केले. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. आता त्यावर पळसाची पानं देठांसकट मांडत जायची, अंग भरून निघेपर्यंत.

अंग भरलं नाही.

डोंगराकडून पानं आणायला हरिश्चंद्र स्वतः गेला होता. पण चैत्र तो. पळस नुकता फुलून मोकळा झालेला, फांद्या उघड्या, नवी पालवी कुठं कुठं. मिळाली तेवढी कोवळी पानं तो करंडीत घालून घेऊन आला, त्यातलीही अर्धी उन्हानं चुरमडली. पाय झाले, हात झाले, पोट झालं. छातीची जागा उघडीच राहिली. आत दर्भाच्या काड्या दिसत होत्या.

गुरुजींनी पोथी मिटली. "तिथी आजची आहे. उद्यावर नेता येत नाही. उद्यावर नेलं तर पुढच्या वर्षी." त्यांनी अंगणभर नजर फिरवली. "पळस नसेल तर त्याच जातीचं पान चालतं. एका देठाला तीन. वाडीत आहे का काही?"

हरिश्चंद्र पायाच्या अंगठ्यानं शेण उकरत राहिला. त्याची बायको सुमन प्रमोदिनीचा दंड धरून उभी होती. मागच्या दारातून ते झाड सरळ दिसत होतं. गुरुजींनाही दिसलं.

"ते काय आहे?"

"ठाऊक नाही," प्रेमलता म्हणाली.

"ठाऊक नसलेलं मी सांगणार नाही. घर तुमचं, माणूस तुमचा. तुम्ही द्याल तर घेईन."

हरिश्चंद्र पुढं झाला. "मी काढतो, वहिनी."

"नको. मी काढते."

ती मागच्या दारी गेली. पदर पसरला. पहिल्या देठाला हात घातला आणि खुडायला जोर लावणार, तेवढ्यात देठ हातात आला.

खुडावा लागला नाही. तुटल्याचा आवाज झाला नाही.

तिनं दुसऱ्याला हात लावला. तोही आला.

मग तिनं नुसता हात धरला. खालून वर, एकामागून एक, देठ तिच्या तळहातावर येत गेले. बाजारातून आलेला माणूस करंडीतल्या वस्तू घरच्यांच्या हातात देत जातो तसे. हे घे. हे धर. हेही असू दे. पदर भरला. शेंड्यावरची तीन पानं तेवढी उरली. तिनं टाचा उचलल्या.

"तुमच्या पोरीचं लग्न आहे," ती हळूच म्हणाली.

तीही आली.

छातीची जागा भरून निघाली. एक पान कमी पडलं नाही, एक उरलं नाही. ताज्या पानांची ती छाती सुकत आलेल्या पळसात हिरवीगार दिसत होती. वस्त्र घालून झाकताना गुरुजींचा हात तिथं टेकला. त्यांनी तो चटकन उचलला आणि मंत्र मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून म्हटला.

खाडीकडच्या स्मशानात पुरुष गेले. बायका घरी राहिल्या. संध्याकाळी वारा फिरला आणि जळक्या कापसाचा वास वाडीत आला. केळीतून, पानवेलीतून, दाराच्या फटीतून. बर्नार्डनं आपल्या घराच्या खिडक्या लावून घेतल्याचा आवाज कुंपणापलीकडून आला.

दुसऱ्या सकाळी प्रेमलता मागच्या दारी गेली. चैत्रात दव क्वचित पडतं, तरी पडलं होतं. नुसती काडी उभी होती, आणि ती शेंड्यापासून बुंध्यापर्यंत ओली होती. तिनं हात लावला. गार लागली. कुठल्याही काडीसारखी गार.

तेव्हा ती रडली. बारा वर्षांचं एकदम.

निघताना गुरुजींनी बजावलं होतं, "पानांच्या देहाला अस्थी नसतात. तिसऱ्या दिवशी चिमूटभर राख उचलायची. पुडीत मावेल एवढी. ती समुद्राला दिली की संपलं." म्हणून तिसऱ्या दिवशी हरिश्चंद्र आणि गुरुजी दोघेच गेले. पुडीपुरतं फडकं प्रेमलतानंच फाडून दिलं होतं.

त्यांना उशीर झाला. ऊन चढलं. प्रेमलता ओटीवर डाळ निवडत बसली होती. वाटेच्या वळणावर हरिश्चंद्र दिसला. गुरुजी बरोबर नव्हते. हरिश्चंद्राच्या अंगावर उपरणं नव्हतं. त्यानं ते दोन्ही हातांत धरलं होतं, गाठ मारून, एक हात खाली आणि एक हात वर.

तो हळू चालत होता. काही सांडू नये, काही वाजू नये, अशा बेतानं.

अंगणाबाहेरच्या चाफ्याशी तो थांबला. अस्थी घरात आणत नाहीत, झाडाला टांगतात. त्यानं गाठोडं फांदीला बांधलं. फांदी वाकली.

"गुरुजी?" प्रेमलतानं विचारलं.

"तिथूनच गेले. दोनदा आंघोळ केली आणि गेले."

"काही म्हणाले?"

हरिश्चंद्र पाटात हात धूत होता. पाणी स्वच्छ वाहत होतं, तरी तो धूत होता.

"म्हणाले, दोन्ही हातांनी धर."

तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. "भावोजी, आपण पानंच जाळली ना?"

ओले हात तसेच लोंबते ठेवून तो आत गेला आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला.

दुपारी बोळिंजहून निरोप आला. वैशाखातली तिथी धरली, पत्रिका छापायला टाकतो. सुमननं सुतकातही डोळे पुसून देवापुढं लांबूनच हात जोडले. उद्या सकाळी गाठोडं समुद्राला द्यायचं होतं. उन्हं उतरली तेव्हा प्रमोदिनी म्हणाली, "मी एकदा नमस्कार करून येऊ का गं? नंतर मला कुठं करायला मिळणार."

"ये जाऊन. लांबूनच कर."

प्रेमलता दारात उभी राहून बघत राहिली. चाफ्याखाली पोरगी उभी राहिली, परकरपोलक्यात, पाठीवर एक वेणी. तिनं हात जोडले. मग लांबूनच करायचं ती विसरली असावी. पुढं झाली, आणि गाठोड्याला कपाळ टेकलं.

आत काहीतरी एकमेकांवर हलकेच वाजलं. भांड्यासारखं नाही. लाकडासारखंही नाही.

पोरीनं मान वर केली.

"ओ," ती म्हणाली.

कुणी हाक मारल्यावर देतात तसा, अगदी सहज. मग ती वळून दाराकडं आली.

"काय गं आई? हाक मारलीस?"

प्रेमलतानं चाफ्याकडं पाहिलं.

"आणि मला ठकू काय म्हणालीस? ठकू कोण?"

पोरीचं बारसं व्हायच्या आधी काशिनाथनं ठेवलेलं ते नाव. तो एकटाच म्हणायचा, आणि तो गेल्यावर या घरात ते कुणी उच्चारलं नव्हतं.

"मीच म्हणाले," प्रेमलता म्हणाली. "तूच ती. चल, आत चल."

प्रमोदिनी उंबरा ओलांडून आत आली. प्रेमलतानं कडीला हात घातला, आणि तेवढ्यात पोरगी पाठमोरीच, चालता चालता, पुन्हा म्हणाली, "ओ."